जिप्सीत साडेदहाचे फोर्ज्ड पिस्टन: वरूडच्या उन्हात वापरून

आमच्या वर्कशॉपात जिप्सी दोन कारणांनी येते. एकतर मेळघाटात पर्यटक फिरवून थकलेली असते, नाहीतर एखाद्या संत्रावाल्याच्या पोराला ती पळवायची असते. हे लिहितेय ते पळवणाऱ्यांसाठी. फोर्ज्ड म्हणजे ओतीव नव्हे, ठोकून-दाबून घडवलेले पिस्टन. साडेदहा हा कॉम्प्रेशन रेशो, म्हणजे पिस्टन वर येताना आतलं मिश्रण किती पट दाबलं जातं तो आकडा. तळेगाव दशासरच्या शंकरपटासाठी (बैलजोड्यांच्या शर्यतीसाठी) बाप बैलजोडीवर जेवढा खर्च करतो, तेवढा पोरगा इंजिनावर करतो, आणि आमच्याकडे दोघांनाही कोणी वेडं म्हणत नाही.

इंजिन जी१३बीबी, १२९८ सीसी, बोअर ७४ मिमी, स्ट्रोक ७५.५. बोअर झिजलं होतं, म्हणून ७४.५ करणं आलंच. गिऱ्हाईकाचा हट्ट एकच: "ताई, बाराचं कॉम्प्रेशन करून टाका ना, काय होते त्याले?"

काय होते ते आधी कागदावर मांडू. ७४.५ बोअरला एका सिलिंडरचा फेरा साधारण ३२९ सीसीचा. हेडवर ॲक्रेलिकची पट्टी ठेवून, गुरांच्या डॉक्टरकडून आणलेल्या सिरिंजने रॉकेल भरून चेंबर मोजला. गॅसकेटची जाडी वगैरे धरून वर उरलेली जागा ४० सीसीच्या थोडी पुढे, म्हणजे रेशो नऊच्या आसपास. साडेदहा हवं तर ती जागा साडेचौतीसवर आणायची, बारा हवं तर तिसावर. नुसतं हेड घासून सहा सीसी कमी करायला गेलं तर दीड मिलिमीटरहून जास्त घासावं लागेल. तेवढं घासलं की हेडचा जीव जातो, आणि कॅम क्रँकच्या जवळ सरकल्यामुळे व्हॉल्व्ह उघडण्याचं टायमिंग मागे पडतं ते वेगळंच. म्हणून वर उंचवटा असलेले पिस्टन.

आता साडेदहा का, बारा का नाही? मे महिन्यात आमच्याकडे पारा ४५ च्या पुढे जातो. बॉनेटखालून आत ओढली जाणारी हवा त्याहून तापलेली. तापलेल्या हवेने नॉकिंग (मिश्रण आपोआप भडकून बसणारे ठोके) लवकर येतं आणि पिस्टनची कड खाऊन टाकतं. ऑक्टेन जितकं जास्त तितकं नॉकिंग कमी, पण शंभर ऑक्टेनचं पेट्रोल मोठ्या शहरातल्या मोजक्या पंपांवर. आमच्या पंपावर ई-२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉलवालं. त्याचं ऑक्टेन ९५ धरलेलं आहे आणि इथेनॉल बाष्प होताना आत जाणारं हवा-पेट्रोलचं मिश्रण थोडं थंडही करतं, त्यामुळे जुन्या ९१ पेक्षा बरंच हात सैल सोडता येतं. पण थंड देशातल्या माणसाने इंटरनेटवर सांगितलेलं बारा इथे चालवायचं तर ठिणगीचं टायमिंग इतकं मागे घ्यावं लागेल की पिस्टनचे पैसे वाया. (ई-२० साठी जिप्सीचे जुने रबरी पेट्रोल पाइप बदला. हे मी प्रत्येकाला सांगते, निम्मे ऐकतात.)

मिश्रधातू निवडतानाच खरी डोकेफोड होती. फोर्ज्ड पिस्टन मुख्यतः दोन ॲल्युमिनियम मिश्रधातूंचे: २६१८ आणि ४०३२. २६१८ मध्ये सिलिकॉन जवळजवळ नाही. तो चिवट, टर्बोचा मार सोसणारा, पण तापला की जास्त फुगतो. म्हणून भिंतीपासून तीन थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) किंवा त्याहून जास्त जागा सोडावी लागते आणि सकाळी गार इंजिन खडखडतं. ४०३२ मध्ये सिलिकॉन १२ टक्क्यांच्या आसपास, फुगणं कमी, दोन थाऊंवर भागतं, रिंगांची खोबणीही कमी झिजते. टर्बो नाही, गाडी आठवड्याला बाजारालाही जाणार, मग ४०३२ च. टर्बोवाल्यांनी माझं ऐकू नये.

सेट ऑर्डर देऊन बाहेरून मागवला. रिंगा, गजन पिन (पिस्टन रॉडला जोडणारी), कस्टम ड्युटी धरून लाखाच्या घरात. आल्यावर पहिलं काम सोनाराच्या दुकानात. त्याच्या काट्यावर चारही पिस्टन पिनसकट ठेवले, हलक्या-भारीत एक ग्रॅमही फरक नाही. सोनार म्हणाला, "एवढी घट तर आम्हीबी धरतो." व्हॉल्व्हच्या खाचा साफ कापलेल्या, उंचवट्याच्या कडा मात्र धारदार होत्या. एवढे पैसे घेऊन त्या आपणच बारीक पॉलिश पेपरने गोल करायच्या, हे मला पटलं नाही. धारदार कड लाल होते आणि तिथूनच नॉकिंग सुरू होतं.

सेटसोबतच्या कागदावर सगळी मापं इंचात. बोअरिंग अमरावतीला केलं. तिथल्या काकांना मी पिस्टन हातात दिल्याशिवाय मशीन सुरू करू देत नाही: प्रत्येक पिस्टन मोजायचा आणि त्याच्या नंबरचं बोअर त्याच्यासाठीच करायचं. काका कुरकुरतात, "पोरी, कंपनीच्या पिस्टनले एवढं करत नाही कोनी." खरंय, कंपनीच्या ओतीव पिस्टनला गरज पडत नाही. रिंगांचा गॅप घासून बसवायचा असतो, या बोअरला टर्बोशिवाय ०.३० मिमी. जास्त झाला तर चालतं, कमी राहिला तर तापल्यावर टोकं भिडतात आणि पिस्टनचा तुकडा उडतो. व्हॉल्व्ह आणि पिस्टनमधली जागा पोरांच्या खेळायच्या क्लेने तपासली: इनटेकला दोन मिमी, एक्झॉस्टला अडीच, त्याखाली मी जात नाही.

चालवून कसं? परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट चढताना फरक कळतो. जिथे दुसरा टाकावा लागायचा तिथे तिसऱ्यात ओढते. ऐन मे महिन्यात, दुपारी, पंपावरच्याच पेट्रोलवर पळवून प्लग काढून पाहिले. पोर्सेलिनवर चंदेरी ठिपका नाही, म्हणजे पिस्टन खाल्ला जात नाहीये. इंजिनची नवी ट्यूनिंग मात्र हवीच. तो खर्च पिस्टनच्या बजेटमध्ये आधीच धरा.

सकाळी थोडी टकटक येते, तापमानाचा काटा वर आला की थांबते. शेजारचे विचारतात, डिझेल टाकलं का.

सफारीवाल्यांनी या वाटेला जाऊ नये. इंडिया पिस्टन्स किंवा उषाचा साधा ओव्हरसाइज सेट टाका, कमी पैशात गाडी पुन्हा जंगलात जाईल. पळवायचीच असेल तर ४०३२, साडेदहा, आणि पिनचे स्पायरल लॉक (पिन बाहेर सरकू न देणाऱ्या कड्या) बसवताना एखादा धीराचा माणूस सोबत घ्या. चार पिस्टनना आठ लॉक, आणि प्रत्येक लॉक नखं मागतो.