सी-९ एलईडीची सुट्टी माळ : महाग आहे, डोक्याला थोडा तापही आहे, तरी घ्या

दिवाळी जवळ आली की इकडे न्यू जर्सीत आपल्या मंडळींची विचारपूस सुरू होते, घराबाहेर लायटिंग कुठलं करू, दुकानातले तयार डबे आणू का ते अ‍ॅपवालं महागडं बसवून घेऊ वगैरे. आमच्याकडे सी-९ ची सुट्टी माळ आहे, म्हणजे वायर वेगळी, बल्ब वेगळे, प्लग वेगळे, सगळं आपण जोडायचं. दिवाळीच्या आधी चढवतो ती नाताळ, न्यू इयर उरकूनच उतरवतो. पाचपैकी चार स्टार. एक का कापला तेही सांगते.

सी-९ म्हणजे ते स्ट्रॉबेरीच्या आकाराचे जाडे बल्ब, इथल्या घरांच्या छताच्या कडेने एका रेषेत लावलेले दिसतात ना, तेच. दुकानात मिळतो त्या डब्यात साधारण २५ बल्ब आणि २५ फुटांच्या आसपास वायर असते. आमच्या घराची पुढची कड ८० फूट, म्हणजे तीन डबे कमी पडणार आणि चौथ्याची शेपटी कुठेतरी लोंबत राहणार. त्यात स्वस्तातल्या बऱ्याच माळांमध्ये बल्ब सीरिजमध्ये जोडलेले आणि वरून पॅक केलेले, त्यामुळे एक गेला की अर्धी माळ गुल, आणि मग थंडीत शिडीवर उभं राहून कुठला गेला ते शोधत बसा. सुट्ट्या माळेत प्रत्येक होल्डरला थेट १२० व्होल्ट मिळतात, एक बल्ब गेला तर तेवढाच जातो, फिरवून काढायचा नि दुसरा लावायचा. माझ्यासाठी इथेच विषय संपला होता खरं तर.

जोडायला वाटतं तितकं अवघड नाहीये. दर १२ इंचाला होल्डर असलेली वायर रिळावर येते, मोजून कात्रीने कापायची (प्लगमध्ये नसताना, हे वेगळं सांगायला नको) आणि टोकाला तो दातवाला प्लग सरकवायचा. त्याचे दात वायरच्या कव्हरमध्ये घुसतात आणि कनेक्शन होतं, म्हणून इथे त्याला चक्क व्हॅम्पायर प्लग म्हणतात. वायर एसपीटी-१ आणि एसपीटी-२ अशा दोन प्रकारांत मिळते, दोनमध्ये वरचं कव्हर जाड असतं, पण साध्या घराला एसपीटी-१ पुरते.

विजेचा हिशोब नवऱ्याने मांडला होता, तो इथे देते. जुन्या काचेच्या सी-९ चा एक बल्ब ७ वॉट खातो, म्हणजे ८० बल्बांचे ५६० वॉट. रोज सहा तास महिनाभर लावले तर १०० युनिट. आमचे एलईडीवाले सगळे मिळून ५० वॉटच्या आत, म्हणजे त्याच महिन्याला जेमतेम ९ युनिट. शिवाय जुने बल्ब असतील तर १५ अँपियरच्या एका सर्किटवर अशा ८० बल्बांच्या दोन-अडीच माळा लावल्या की संपलं, कारण सलग चालणारा लोड १,४४० वॉटच्या वर नेऊ नये म्हणतात, त्यात कुणी तो हवेचा सांता पण त्याच प्लगला लावला तर बघायलाच नको.

बल्ब घेताना दोन गोष्टी बघा. एक म्हणजे वॉर्म व्हाइट घ्या, नुसता व्हाइट नको, तो निळसर मारतो आणि घर दवाखान्यासारखं दिसतं. दुसरं, फुल वेव्ह असं लिहिलंय का ते बघा. हाफ वेव्हवाले सेकंदाला ६० वेळा उघडझाप करतात, एकटक बघताना कळत नाही पण मान वळवली की चुरचुर जाणवते आणि मोबाइलवर व्हिडिओ काढला की पार विचका.

आता कापलेला स्टार. मागाहून स्पेअर बल्ब मागवले त्याच दुकानातून, त्याच नावाचे, तर त्यांचा पिवळेपणा चक्क वेगळा! फोन केला तर बॅच बदलली की थोडं होतंच म्हणे. अहो मग पाकिटावर लिहा ना तसं. एका बल्बला डॉलरच्या वर घेता आणि ओळीत तो एकटाच केशरी दिसतो. म्हणून स्पेअर पहिल्याच ऑर्डरमध्ये घ्या, दहाएक तरी.

क्लिपांचं पण ऐका. साधी क्लिप गटरच्या, म्हणजे छताच्या पन्हळीच्या ओठाला अडकते, पण पानं अडू नयेत म्हणून गटरवर जाळी बसवली असेल तर ती बसतच नाही, मग शिंगलखाली, म्हणजे छतावरच्या चपट्या कौलाखाली सरकवायची सपाट पट्टीवाली घ्यावी लागते. ऑल-इन-वन म्हणून विकतात त्यात दोन्ही सोय असते. आणि हे काम ऑक्टोबरातच करा, डिसेंबरात प्लास्टिक गारठून कडक झालेलं असतं, हातात तुकडे येतात. इथले शेजारी नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंगनंतर बोटं फुंकत शिडीवर चढतात तेव्हा आमचं दिवाळीमुळे कधीच झालेलं असतं. (सासूबाई इथे होत्या तेव्हा त्यांनी विचारलं होतं, अगं मग आकाशकंदील कुठे लावायचा? पोर्चमध्ये, आई, अजून कुठे.)

पावसात जीएफसीआय (वीज गळली की लगेच बंद पडणारं सुरक्षेचं सॉकेट) ट्रिप होतो अशी तक्रार कायम ऐकू येते. बहुतेक वेळा दोष माळेचा नसतो, एक्स्टेन्शनचा जोड ओल्या गवतात पडलेला असतो, तो विटेवर वगैरे उचलून ठेवा. टेप गुंडाळू नका, आत शिरलेलं पाणी तिथेच बसून राहतं. बल्ब शक्यतो खाली तोंड करून लावा म्हणजे होल्डरमध्ये पाणी साचत नाही. फोटोसेलवाला, म्हणजे अंधार पडला की आपोआप चालू होणारा टायमर मात्र घ्याच, डिसेंबरात साडेचारलाच अंधार पडतो, तेव्हा आपण घरी पोचलेलो पण नसतो.

अ‍ॅपवाल्या कायमच्या लायटींचं काय, तर त्यांचा एक फायदा मान्य आहे, रंग फोनवरून बदलतात. आमच्याकडे नाताळला लाल-हिरवं हवं म्हटलं तर ८० बल्ब फिरवून काढावे लागतील, आणि नवऱ्याने शिडी धरायलाच साफ नकार दिलाय, त्यामुळे वॉर्म व्हाइटच दोन्ही सणांना. पण किंमत कितीतरी पट, बसवणारे फुटावर पैसे लावतात, आणि एचओए, म्हणजे वस्तीतल्या घरमालकांची सोसायटी असेल तर आधी परवानगीचं बघा. भाड्याच्या घरात तर विचारच नको. सुट्टी माळ उतरवून खोक्यात भरता येते, घर बदललं तर नव्या कडेच्या मापाने कापता येते, आणि घ्यायचीच असेल तर जानेवारीत घ्या, तेव्हा सेल लागतात.