आर्किकॅड, स्केचअप, रेव्हिट: मॉडेल इकडून तिकडे कसं न्यायचं?

आपलं ठाण्यात छोटं ऑफिस, आर्किकॅडवर नाहीतर स्केचअपवर, आणि बेलापूरचा एमईपीवाला (वीज, प्लंबिंग, एसीचं डिझाइन करणारा) रेव्हिटवर, तिन्ही बिल्डिंगचं थ्रीडी मॉडेल बनवायची सॉफ्टवेअर, ही जोडी आता कॉमन झालीय. फॉरमॅट नंतर, आधी त्याला एवढंच विचारा की बाबा, तू मॉडेल नुसतं बघणारेस की भिंती हलवणारेस?

बघायचंच असेल, म्हणजे डक्ट बीमला आपटतोय का वगैरे, तर आयएफसी, म्हणजे मॉडेल एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात न्यायचा कॉमन फॉरमॅट, डोळे झाकून. एका कंपनीचा फॉरमॅट नाही, बिल्डिंगस्मार्टवाले सांभाळतात, आयएसओ १६७३९ आहे. त्याचं २एक्स३ व्हर्जन जुनं पण सगळीकडे चालतं, आयएफसी ४ चा रेफरन्स व्ह्यू मुळात रेफरन्सपुरताच बनवलाय. रेव्हिटमध्ये ओपन न करता लिंक करायला (नुसतं खाली जोडून दाखवायला) सांगा, कारण ओपन केलं की बऱ्याच गोष्टी डायरेक्टशेप, म्हणजे एडिट न होणारे नुसते आकार, होऊन बसतात, दरवाजा दिसतो दरवाजासारखाच पण ९०० मिमीचा ७५० करायला गेलात तर तो ढिम्म हलत नाही. पाठवायच्या आधी बीआयएमव्हिजनसारख्या फुकट व्ह्यूअरमध्ये एकदा बघून घ्या, अर्धं फर्निचर 'प्रॉक्सी' म्हणून, म्हणजे नक्की काय वस्तू ते न सांगता, गेलेलं असतं.

डीडब्ल्यूजी, म्हणजे ऑटोकॅडची फाइल? प्लॅनखाली बॅकग्राउंड टाकायला बेस्ट. थ्रीडी डीडब्ल्यूजीच्या नादी लागू नका, आकार पोचतो, पण भिंत ही भिंत आहे हे पोचत नाही.

स्केचअपवाल्यांना हे आणखी नडतं. तिथे भिंत म्हणजे मुळात फेसेसच, नुसते पृष्ठभाग, कन्सेप्टला झकास, पण रेव्हिटमध्ये मास (नुसता ठोकळ आकार) म्हणून आणून त्यावर भिंती परत लावाव्या लागतात. फसाड (दर्शनी बाजू) वाकडातिकडा असेल आणि ऱ्हायनो या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये केला असेल तर रेव्हिटच्या आत ऱ्हायनो चालवणारं ऱ्हायनो इनसाइड रेव्हिट बघा, प्लगइन फुकट, ऱ्हायनोचं लायसन्स मात्र लागतंच.

समोरच्याला खरंच एडिट करायचं असेल तर माझं मत सरळ आहे, परत काढा. नौपाड्यातली स्टिल्ट प्लस सातची रिडेव्हलपमेंट असेल तर टिपिकल फ्लोअर एकदाच काढायचाय, आयएफसी खाली लिंक ठेवा आणि वरून ट्रेस करा, कन्व्हर्ट केलेल्या मॉडेलमधली सुटलेली जॉइंट्स शोधत बसण्यापेक्षा लवकर होतं. मोठा मॉल किंवा हॉस्पिटल असेल तर हा हिशोब बदलतो, तिथे पहिल्या दिवसापासून सगळ्यांनी एकच सॉफ्टवेअर धरलेलं बरं.

आता खरी गोची, कोऑर्डिनेट्स. सर्व्हेवाला यूटीएममध्ये (पृथ्वीवरची जागा मीटरमध्ये सांगायची पद्धत) ड्रॉइंग देतो, झोन ४३, ठाण्याचं नॉर्दिंग, म्हणजे विषुववृत्तापासून उत्तरेकडचं अंतर, २१ लाख मीटरच्या वर, म्हणजे प्लॉट शून्यापासून २,१०० किलोमीटर लांब! रेव्हिटला इंटर्नल ओरिजिनपासून (त्याच्या स्वतःच्या शून्य बिंदूपासून) साधारण १६ किलोमीटरपर्यंतच झेपतं, त्यापलीकडे रेषा थरथरायला लागतात, स्नॅप चुकतात. म्हणून प्लॉटचा एक कोपरा दोघांनी मिळून शून्य धरा, खरे आकडे सर्व्हे पॉइंटला (रेव्हिटमधला खरी जागा सांगणारा बिंदू) द्या आणि मग एक्सपोर्ट करा. फाइल आली की पहिल्यांदा लिफ्टचा शाफ्ट मोजा, २५.४ पट आला तर समजा इंच-मिलिमीटरचा घोळ झालाय.

आणि समोरच्याचं रेव्हिट व्हर्जन विचारून ठेवा. २०२५ ची फाइल २०२४ मध्ये उघडत नाही आणि मागच्या व्हर्जनला सेव्ह करायची सोयच नाही, त्यामुळे दोघंही रेव्हिटवर असलात तरी कधीकधी आयएफसीच पाठवावी लागते.