अडालिमुमॅब की इटानरसेप्ट? आधी डोळ्यांचं बघा

बडोद्यात दांडिया बाजारातल्या आमच्या वहिनींना सोरायटिक संधिवात आहे, म्हणजे सोरायसिस या त्वचारोगासोबत येणारा सांध्यांचा आजार. डॉक्टरांनी अडालिमुमॅब आणि इटानरसेप्ट ही दोन इंजेक्शनं सुचवली आणि निवड त्यांच्यावर सोडली. सांधे दोन्हींनी सुधारतात. त्वचेवर अडालिमुमॅब जरा सरस.

खरा फरक डोळ्यांत. या आजारात युव्हिआयटिस होऊ शकतो, म्हणजे डोळ्याच्या मधल्या थराला सूज: लाली, ठणका, उजेड सोसवत नाही. अडालिमुमॅब ती आवरतं. अमेरिकेत २०१६ पासून युव्हिआयटिससाठीही त्याला मान्यता आहे. इटानरसेप्टचा तिथे भरवसा नाही. ते चालू असतानाच सूज आल्याच्याही नोंदी आहेत.

अडालिमुमॅब साधारणपणे पंधरवड्याने, इटानरसेप्ट दर आठवड्याला. दोन्ही फ्रिजमध्ये २ ते ८ अंशांत. बडोद्याच्या मे महिन्यात घरी आणतानाही थंड पिशवी हवीच. दोन्हींची भारतीय औषधं मिळतात. भाव महिन्याचा विचारा, एका सुईचा नको.

दोन्ही औषधं प्रतिकारशक्ती दाबतात, म्हणून क्षयाची तपासणी दोन्हींआधी. क्षय उफाळण्याचा धोका इटानरसेप्टमध्ये कमी, शिवाय ते शरीरातून लवकर उतरतं.

तेव्हा वहिनी, डोळा पूर्वी असा सुजला असेल तर अडालिमुमॅबच. डोळ्यांची तक्रार कधीच नसेल आणि संसर्गाची धास्ती जास्त असेल, तर इटानरसेप्टबद्दल डॉक्टरांशी बोला. औषध कुठलंही असो, लाल डोळा ठणकू लागला की त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ. मेडिकलमधून परस्पर थेंब आणू नका.