‘मॉन्स्टर’ की ‘ह्योका’ : रात्री एकच भाग पाहणाऱ्यासाठी

रहस्यप्रधान अ‍ॅनिमे, म्हणजे जपानी अ‍ॅनिमेशन मालिका, पाहायचे ठरले की ‘मॉन्स्टर’ आणि ‘ह्योका’ ही दोन नावे हमखास पुढे येतात. मी दोन्ही मालिका शेवटपर्यंत पाहिल्या आहेत आणि दोन्ही संथ आहेत, हे आधीच मान्य करतो.

नाशिकला अंबडच्या एका कारखान्यात माझी बहुतेक सेकंड शिफ्ट असते. घरी पोहोचायला साडेअकरा होतात आणि पिठले गरम करून ताट पुढे घेतले की जेमतेम एक भाग पाहून होतो. माझे मत या वेळापत्रकातून बनले आहे, हे लक्षात घ्यावे.

‘मॉन्स्टर’ची सुरुवात विलक्षण आहे. १९८६ साली महापौरांऐवजी एका जखमी मुलावर शस्त्रक्रिया करणारा डॉक्टर तेन्मा आणि नऊ वर्षांनी खुनी म्हणून त्याच्यासमोर उभा राहणारा तोच मुलगा, योहान. एवढ्यावर मी पहिले काही भाग झोप मोडून पाहिले. पुढे मात्र तेन्मा गावोगाव फिरू लागतो आणि प्रत्येक ठिकाणी नवा माणूस, त्याचे दुःख, त्याचा भूतकाळ असे सुरू होते. एके ठिकाणी तो खेड्यातल्या डॉक्टरच्या मदतीला थांबतो. प्रसंग चांगलाच आहे, पण मी ताट घेऊन बसलो होतो ते योहानचा माग लागतो का, हे पाहायला. भाकरी संपे, शेवटचे गाणे लागे आणि रहस्य जिथल्या तिथे! बोलणे ऐकताना टंकलेखन केल्यासारखी बोटे हलवणारा इन्स्पेक्टर लुंगे पडद्यावर आला की मी सावरून बसत असे. तर तोही मधूनच नाहीसा होई. एकूण भाग ७४, म्हणजे रोज एक या हिशेबाने अडीच महिने. निम्म्यावर मी तीन आठवडे मालिका बंदच ठेवली होती.

‘ह्योका’ २२ भागांची. शाळेतले चौघे, बारीकसारीक कोडी आणि खरा खून एकही नाही, म्हणून ती कित्येकांना मिळमिळीत वाटते आणि ते चुकीचे आहे असे मी म्हणणार नाही. शाळेच्या तीन दिवसांच्या महोत्सवाला तिथे तब्बल सहा भाग खर्ची पडले आहेत. परंतु त्या महोत्सवात जपानी वर्णमालेच्या क्रमाने एकेका मंडळाची वस्तू चोरीला जाते, त्यामुळे रात्री झोपताना चोर कुठल्या अक्षरापर्यंत पोहोचला एवढे तरी हाती लागलेले असते. माझ्यासारख्याला तेवढे पुरते.

‘मॉन्स्टर’चा शेवटचा टप्पा जोरकस आहे, हे नाकारता येणार नाही, सलग सुट्टी असेल तर कदाचित तीच सरस वाटेल. परवा मावसभावाने विचारले तेव्हा मात्र मी त्याला ‘ह्योका’ लाव म्हणालो. पहिले मोठे कोडे पाचव्या भागात सुटते, तेव्हा पाच रात्री पाहून काय ते ठरव.