सेंट्रल बॉयलर, सहा महिने आणि रोजची एक बादली

सोसायटीत ७२ फ्लॅट, सिंहगड रोड. सोलर पावसाळ्यात हात वर करतं म्हणून ऑगस्टमध्ये गॅसवरचा बॉयलर बसवला. परदेशात बॉयलरचं हेच बंद लूपचं, म्हणजे त्याच पाइपांत फिरत राहणारं गरम पाणी रेडिएटरमधून फिरवून घरं उबदार ठेवतात, पुण्यात तेवढी थंडी कुठंय, आमच्याकडे ते हीट एक्स्चेंजरमधून जातं आणि प्लेटांच्या पलीकडचं आंघोळीचं पाणी त्यात न मिसळता तापतं, टाकीत ६० डिग्री.

माझं दुखणं एकच, पहिली बादली. आम्ही डी विंगला, सगळ्यात टोकाला. नळ सोडला की बादलीभर गार पाणी आणि मग गरम. हिशोब करून पाहिला, आतून २५ मिमीचा पाइप म्हणजे मीटरला जवळजवळ अर्धा लिटर, बॉयलर रूमपासून आमच्यापर्यंत ४० मीटर, म्हणजे वीस लिटर, बरोब्बर एक बादली! टँकरचं पाणी विकत घ्यायचं आणि असं वाहू द्यायचं, माझ्याच्याने होत नाही, त्यामुळे ती बादली रोज बाल्कनीतल्या कुंड्यांना.

आता हे होऊ नये म्हणूनच तर रिटर्न लाइन, म्हणजे पाइपातलं पाणी परत बॉयलर रूमकडे नेऊन सतत फिरतं आणि गरम ठेवणारा पाइप, आणि पंपाचे वेगळे पैसे मोजलेत ना? पंप घुंघुं करत चालू आणि रिटर्नच्या पाइपला हात लावावा तर गार. कंपनीकडे तीनदा कंप्लेंट केली, तिन्ही वेळा एकच उत्तर, काका पाइप लांब आहे, एवढं चालायचंच. मी एक स्टार द्यायच्या तयारीत होतो, मीटिंगमध्ये बॉयलरला नाही नाही ते बोललोय.

जानेवारीत एक नवीन पोरगा आला. खाली काही न बघता थेट शिडी घेऊन टेरेसवर शाफ्टपाशी. तिथे पितळी एअर व्हेंट, पाइपातली हवा बाहेर सोडणारा, वर बोराएवढं काळं टोपण, गच्च आवळलेलं. पाणी तापलं की त्यातली हवा सुटते, ती वर जाऊन अडकलेली आणि टोपण बंद म्हणून बाहेर पडायला वाटच नाही, त्यामुळे पंप चालू असून पाणी फिरतच नव्हतं. त्याने दोन आटे ढिले केले, फुसफुस झाली, चारदोन गढूळ थेंब उडाले, गप्प. दहा मिनिटांत रिटर्न पाइपला चटका बसायला लागला. म्हणजे बॉयलर बिचारा पहिल्या दिवसापासून बरोबर होता, मीटिंगमधलं बोलणं मागे घेतो. चार स्टार. एक कापला कारण टँकरच्या पाण्याने एक्स्चेंजरच्या प्लेटांवर क्षार धरतो, सॉफ्टनर लागेल हे विकताना कोणी सांगितलं नाही.

आणि व्हिजिटचं बिल आलंय, ६०० अधिक जीएसटी, ७०८ रुपये. टोपण आवळून ठेवलं कोणी, तर कंपनीच्याच माणसाने! ते मी अजून पास केलेलं नाही.

कुंड्यांना मात्र आता पाणी वेगळं घालावं लागतं.