ब्लॅकबेरीची वाइन: पहिला आठवडा बादलीत की डेमिजॉनमध्ये?

ऑगस्ट संपत आला की इथे इंग्लंडात रेल्वेच्या कुंपणांवर ब्लॅकबेरी लगडतात आणि माझ्या स्वयंपाकघरात वाइन घालायचा हंगाम सुरू होतो. (इथे स्वतःपुरती घालायला परवाना लागत नाही, भारतात असाल तर आधी आपल्या राज्याचा कायदा बघा.) फळं चेचून, कॅम्पडेनची गोळी (रानटी जंतू मारणारी सल्फाइटची गोळी) टाकून 24 तासांनी यीस्ट घालणं दोन्हीकडे सारखंच, त्यात शिरत नाही.

डेमिजॉनची, म्हणजे अरुंद गळ्याच्या मोठ्या काचेच्या बाटलीची, बाजू आधी मांडतो, कारण ती भक्कम आहे. एअरलॉक (वायू बाहेर सोडणारी पण हवा आत न घेणारी पाण्याची झडप) लावला की चिलटं आत शिरत नाहीत, आणि व्हिनेगर करणारे जंतू बहुतेक वेळा त्यांच्याच अंगावरून येतात. रोज हात लावायला नको. दर शनिवार-रविवारी बाहेरगावी जाणाऱ्याने हाच मार्ग धरावा. सफरचंदाचा गाळलेला रस असेल तर मीही थेट डेमिजॉनच घेतो, फक्त फेसाला वर जागा ठेवून.

पण फळ चोथ्यासकट घातलं की गणित फिरतं. यीस्ट जोरात आलं की वायू चोथ्याला वर उचलतो आणि त्याचा जाड थर तरंगू लागतो. डेमिजॉनचा गळा जेमतेम दोन बोटांचा. माझा थर तिसऱ्या रात्री त्या गळ्यातच बसला. पहाटे कधीतरी फटकन आवाज झाला. उठून बघतो तर एअरलॉक बुचासकट फ्रिजच्या मागे, आणि भाड्याच्या घराच्या पांढऱ्याशुभ्र छतावर जांभळे शिंतोडे. दोन हात रंग मारला तरी डाग उमटायचेच. डिपॉझिटचं काय झालं ते विचारू नका.

तेव्हापासून साडेचार लिटर वाइनला दहा लिटरची बादली. वर मलमलचं फडकं, इलॅस्टिकने घट्ट. सकाळ-संध्याकाळ निर्जंतुक पळीने थर खाली दाबायचा. विसरलात तर वरचा चोथा सुकून बुरशी धरतो. ही कटकट आहेच, आणि घरभर वासही. पण सुरुवातीला यीस्टला हवी असलेली हवा ढवळताना आपसूक मिळते, आणि रंगही मला बादलीतच गडद उतरल्यासारखा वाटतो. शेजारी शेजारी ठेवून तपासलेलं नाही, तेव्हा आग्रह नाही.

मात्र बादलीत रेंगाळू नका. हायड्रोमीटर (रसाची घनता मोजणारी नळी, साखर संपते तसा आकडा उतरतो) 1.090 वरून 1.015 च्या आसपास आला (माझ्याकडे साधारण पाचव्या-सहाव्या दिवशी) की गाळून डेमिजॉनमध्ये भरा. फसफस मंदावली की वायूचं पांघरूण विरतं, आणि मग तीच हवा वाइन बिघडवते.

प्लम घालणार असाल तर बिया डेमिजॉनमधून बाहेर कशा काढणार, ते आधी ठरवा. मी तारेचा आकडा करून अख्खा रविवार बसलो होतो, सात बिया निघाल्या.