येमांजासाठी कुठे जायचं: साल्व्हादोर की रिओ?

ब्राझीलला एकदाच जाणं होणार आणि समुद्राची आई येमांजा हिची गाणी तिथल्याच किनाऱ्यावर ऐकायची आहेत. मग २ फेब्रुवारीला साल्व्हादोर गाठायचं की ३१ डिसेंबरला रिओ? देवी एकच. पण आफ्रिकी मुळांच्या दोन ब्राझिली पंथांपैकी साल्व्हादोरच्या उत्सवावर कांदोम्ब्लेची छाप आहे, तर रिओच्या वाळूवर उम्बांदाची, आणि दोन्हींचं गाणं अगदी वेगळं.

तुमचा जीव वाद्यांत असेल तर डोळे मिटून साल्व्हादोर. पश्चिम आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या योरुबा लोकांचे ठेके तिथे पिढ्यान्‌पिढ्या टिकले आहेत. १९७६ पर्यंत बाहियातल्या, म्हणजे साल्व्हादोर ज्या राज्यात आहे तिथल्या, कांदोम्ब्ले देवस्थानांना पोलिसांत नोंद करावी लागे, तरीही टिकले. कांदोम्ब्लेच्या केतू परंपरेत हुम, हुम्पी आणि ले असे तीन अताबाके, म्हणजे उभे ढोल, बारीक छड्यांनी वाजतात, जोडीला लोखंडी घंटा. आपल्या ढोल-ताशात ताशा कडकडत पुढे धावतो आणि ढोल ठेका धरतो. इथे नेमकं उलटं. लहान दोघे ठेका सोडत नाहीत आणि बोलतो तो सगळ्यांत मोठा, खर्जातला हुम. जिच्या अंगात येमांजा आली आहे तिच्या पावलांशी त्याचा संवाद चाललेला असतो. म्हणून कान खर्जाकडे लावा. योरुबातले शब्द कळणार नाहीत, पण हा संवाद कळतो.

२ फेब्रुवारीला रिओ व्हेर्मेल्योला पोहोचा (नावात रिओ असलं तरी ही साल्व्हादोरचीच वस्ती). पहाटेपासून फुलं, आरसे, कंगवे, अत्तर घेऊन लोक रांगेत उभे असतात आणि दुपारी मच्छीमार भरलेल्या टोपल्या होड्यांतून खोल पाण्यात नेतात.

मनात काही साचलं असेल, कुणाशी बोलायचं असेल, तर मात्र उम्बांदा. कांदोम्ब्लेत देवता नाचते, सल्ला देत बसत नाही. कौल कवड्यांनी घेतात. उम्बांदात खलाशांचे आत्मे, मारिन्येइरो, अंगात येतात. पायाखाली जमीन नसून हलती बोट असावी तसे झोकांड्या खात चालतात, समोर बसवून तुमचं गाऱ्हाणं ऐकतात. त्यांची गाणी, म्हणजे पोंतो, पोर्तुगीजमध्ये, चारदोन ओळींची. तिसऱ्या फेरीला तुम्हीही म्हणू लागाल. फक्त रिओच्या कोपाकबाना किनाऱ्यावर ३१च्या रात्रीवर विसंबू नका. आतषबाजी आणि मंचावरच्या भोंग्यांत अताबाके ऐकूच येत नाहीत. बरेच उम्बांदावाले त्याआधीच येऊन फुलं वाहून जातात, तुम्हीही तेव्हाच जा.

मी साल्व्हादोरच निवडेन आणि किनाऱ्यावर न थांबता एखाद्या तेरेइरोत, म्हणजे देवस्थानात, जाहीर सोहळा असेल त्या रात्री जाईन. पांढरे कपडे घाला, बसवतील तिथे बसा, विचारल्याशिवाय मोबाइल काढू नका. आणि रिकामा दिसला तरी हुमला हात लावू नका. त्याची प्रतिष्ठापना झालेली असते, त्याला नैवेद्यही दाखवतात.